अमेरिकेतल्या सरकारी जंगलातून घरापुरतं सरपण: आधी जागा, मग परमिट, शेवटी करवत

घरात वुडस्टोव्ह आला की पहिल्याच हिवाळ्यात विकतच्या लाकडाचा खर्च कळतो. मग कोणीतरी सांगतं, "नॅशनल फॉरेस्टमधून स्वतः तोडून आणा, परमिट काढलं की झालं." हा सल्ला अर्धाच खरा आहे. परमिटमुळे तुम्हाला लाकूड नेता येतं, एवढंच ठरतं. कोणत्या जागेतून, कोणतं झाड, कोणत्या दिवशी आणि किती लांबीचे तुकडे करून, याचे नियम वेगळे असतात आणि दर जंगलात बदलतात. लोक आधी चेनसॉ (यांत्रिक करवत) घेतात, मग परमिट काढतात आणि जागा शनिवारी सकाळी गाडी चालवता चालवता शोधतात. क्रम याच्या बरोबर उलटा हवा.

परमिट नसताना किंवा त्याच्या अटी मोडून नॅशनल फॉरेस्टमधलं लाकूड तोडणं हा केंद्रीय कायद्याखालचा गुन्हा आहे. दंड ५,००० डॉलरपर्यंत आणि कैद सहा महिन्यांपर्यंत होऊ शकते. पार्किंगच्या पावतीसारखा भरून विसरायचा हा दंड नव्हे. व्हिसावर असलेल्या किंवा ग्रीन कार्डाची वाट पाहणाऱ्या मंडळींनी तर ही गोष्ट फारच गांभीर्याने घ्यावी.

## १. जमीन कोणाची आहे ते आधी ठरवा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. नकाशावर हिरवं दिसलं म्हणजे ते "सरकारी जंगल" असं धरून लोक निघतात. त्या हिरव्या रंगात चार-पाच वेगवेगळे मालक असू शकतात.

नॅशनल फॉरेस्ट कृषी खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे असतं. घरगुती सरपणासाठी परमिट देण्याची पद्धत इथे सगळ्यांत रुळलेली आहे. पश्चिमेकडच्या राज्यांत ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, म्हणजे बीएलएमची, मोठी जमीन आहे. तिचं परमिट वेगळं असतं आणि एकाचं परमिट दुसऱ्याच्या हद्दीत चालत नाही. नॅशनल पार्कमधून घरी नेण्यासाठी लाकूड तोडता येत नाही. काही पार्कमध्ये ठरवून दिलेल्या भागात, तिथल्या तिथे शेकोटीपुरतं पडलेलं लाकूड गोळा करू देतात, पण तेवढंच. राज्य सरकारच्या जंगलाचे नियम राज्याप्रमाणे बदलतात. आदिवासी रिझर्व्हेशनची जमीन ही त्या त्या जमातीची असते, तिथे बाहेरच्या माणसाने परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. लाकूड कंपन्यांची खाजगी जंगलंही कुंपणाशिवाय अगदी रस्त्याला लागून असतात.

पश्चिमेत आणखी एक अडचण आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौकोन पद्धतीने जमिनी दिल्या गेल्या. त्यामुळे आजही बऱ्याच भागांत एक चौरस मैल सरकारी, पुढचा खाजगी, पुन्हा सरकारी, अशी बुद्धिबळाच्या पटासारखी मालकी आहे. शिवाय नॅशनल फॉरेस्टची बाहेरची हद्द काढली जाते, तेव्हा आतल्या खाजगी जमिनीही त्याच रंगाखाली झाकल्या जातात. म्हणून रस्त्यावरची "नॅशनल फॉरेस्टमध्ये स्वागत" ही पाटी हा पुरावा धरू नका. त्या पाटीपुढेही कोणाची तरी खाजगी जमीन लागू शकते.

तपासा: तुम्ही ठरवलेल्या जागेवर बोट ठेवून "ही जमीन अमुक संस्थेची आहे" असं मालकी दाखवणाऱ्या नकाशावरून सांगता येतं का? येत नसेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

## २. रेंजर डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला फोन करा

एका नॅशनल फॉरेस्टचे अनेक रेंजर डिस्ट्रिक्ट असतात. तुमच्या जागेचं डिस्ट्रिक्ट कोणतं ते पाहून थेट तिथेच फोन लावा. वेबसाइटवर नियम मिळतात, पण लाकूड यंदा कुठे आहे ते क्वचितच मिळतं. ते माणसं सांगतात.

"लाकूड कुठे मिळेल?" असा मोघम प्रश्न विचारला तर उत्तरही मोघमच येतं. त्याऐवजी नेमकं विचारा. अलीकडे कुठलं टिंबर सेल (खात्याने विकलेल्या झाडांची तोड) संपलं आहे आणि तिथला उरलेला माल लोकांना खुला केला आहे का? वादळाने झाडं कुठे पडली? रस्त्याकडेची धोकादायक झाडं खात्याने कुठे पाडून ठेवली आहेत? भुंगेरा लागून मेलेली पाइनची झाडं कोणत्या रस्त्यावर जास्त आहेत? जुन्या वणव्याच्या भागात तोडायला परवानगी आहे की तो भाग अजून बंद आहे? काउंटरवरच्या व्यक्तीला माहीत नसेल तर टिंबर विभागातल्या माणसाशी बोलता येईल का ते नम्रपणे विचारा. ती माणसं रोज त्या रस्त्यांवर असतात.

याच फोनवर आणखी तीन गोष्टी विचारून घ्या: उभं मेलेलं झाड पाडता येतं की फक्त पडलेलंच नेता येतं, हंगाम केव्हा सुरू होऊन केव्हा संपतो, आणि कोणत्या जातींना हात लावायचा नाही. पूर्वेकडच्या बऱ्याच जंगलांत फक्त मेलेलं आणि जमिनीवर पडलेलंच लाकूड चालतं. पश्चिमेत अनेक ठिकाणी उभं वाळलेलंही चालतं. एका राज्यातल्या मित्राचा अनुभव दुसऱ्या राज्यात नियम म्हणून वापरू नका.

## ३. परमिट काढा आणि सोबतची पानं पूर्ण वाचा

परमिट कार्यालयात मिळतं. काही जंगलं ते टपालाने, फोनवर किंवा ऑनलाइनही देतात. वय १८ पूर्ण हवं आणि फोटो ओळखपत्र लागतं. दर कॉर्डमागे, म्हणजे रचलेल्या लाकडाच्या ठरावीक मापामागे, ठरतो. काही ठिकाणी तो अगदी किरकोळ असतो, काही ठिकाणी घरगुती वापराला शुल्कच नसतं. मात्र शुल्क नाही म्हणजे परमिटही नको, असा अर्थ होत नाही. फुकटचं परमिटही खिशात असावंच लागतं.

परमिटसोबत नियमांची पुस्तिका, नकाशा आणि भरलेल्या लाकडावर लावायचे टॅग मिळतात. पुस्तिका घरी बसून वाचा, कारण अटींवर सही तुमची असते. या गोष्टी शोधून अधोरेखित करा: तुकड्यांची कमाल लांबी, झाडाचा कमाल घेर किंवा व्यास, बुडख्याची कमाल उंची (पुष्कळ ठिकाणी जमिनीपासून १२ इंच), ओढ्यापासून आणि रस्त्यापासूनचं अंतर, आणि परमिटधारक स्वतः हजर असणं सक्तीचं आहे का. लांबीची अट लोकांना विचित्र वाटते. जळणाच्या नावाखाली कोणी इमारती लाकूड नेऊ नये, म्हणून ती घातलेली असते. "घरी जाऊन बारीक कापू" म्हणून दहा फुटी ओंडके भरलेत, तर मागची सगळी कागदपत्रं बरोबर असूनही तुम्ही अट मोडलेली असते.

> सावधान: घरगुती परमिटवर आणलेलं लाकूड विकता येत नाही. शेजाऱ्याला "पेट्रोलचे पैसे घेऊन" देणंही नको. विक्रीसाठी व्यावसायिक परमिट वेगळं असतं.

## ४. नकाशावर दोन प्रश्न सोडवा: गाडी कुठवर, करवत कुठवर

फॉरेस्ट सर्व्हिस प्रत्येक जंगलासाठी मोटर व्हेइकल यूज मॅप काढते आणि तो मोफत असतो. काळा-पांढरा, रूक्ष दिसतो म्हणून लोक तो बाजूला टाकतात. पण कोणत्या रस्त्यावर कोणती गाडी वर्षातल्या कोणत्या तारखांना नेता येते, हे कायद्याने ठरवणारा नकाशा तोच आहे. जो रस्ता त्यात नाही, तो जमिनीवर कितीही चांगला दिसला तरी तुमच्यासाठी बंद आहे. फाटक उघडं असलं तरी बंद. जंगलात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा अवेंझासारख्या ॲपमध्ये हा नकाशा घरूनच उतरवून घ्या. जीपीएसवर तुमचा ठिपका रेंजशिवायही दिसतो.

रस्ता सोडून गाडी आत घालता येते का, हा प्रश्न वेगळा. काही जंगलं सरपणासाठी ठरावीक अंतरापर्यंत मुभा देतात, काही अजिबात देत नाहीत. मुभा असली तरी ओल्या मातीत गाडी घालू नका. चाकोऱ्या वर्षानुवर्षं राहतात, त्यातून पाणी वाहून माती जाते, आणि असे रस्ते पुढे सगळ्यांसाठीच बंद केले जातात.

आता करवतीचा प्रश्न. नकाशावर हे भाग लाल पेन्सिलीने खोडून टाका: विल्डरनेस म्हणून जाहीर झालेलं क्षेत्र (१९६४ च्या विल्डरनेस कायद्यामुळे तिथे चेनसॉच चालत नाही), संशोधनासाठी राखलेली क्षेत्रं, कॅम्पग्राउंड आणि ट्रेलहेडचा (पायवाट सुरू होते तिथला) परिसर, ओढ्या-नद्यांच्या काठचा पट्टा, आणि टिंबर सेल चालू असलेले भाग. खोडून जे उरेल, तीच तुमची जागा. पहिल्यांदा करणाऱ्यांना नकाशाचा किती मोठा तुकडा खोडला जातो ते पाहून आश्चर्य वाटतं. ते घरीच वाटलेलं बरं.

## ५. करवत न घेता एक फेरी मारा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. खरं तर निम्मं काम यातच होतं. करवत गाडीत असली की समोर दिसलेलं पहिलं वाळकं झाड तोडायचा मोह होतो. नसली की माणूस शांतपणे पाहतो.

फेरीत रस्त्याच्या वरच्या अंगाला काय आहे ते पाहा. वरून तोडलेले ओंडके गाडीपाशी आणणं सोपं. खालच्या उतारावर पडलेलं झाड फार मोहक दिसतं, पण प्रत्येक तुकडा खांद्यावर घेऊन चढावा लागतो. गाडी वळवायला आणि दुसऱ्याला वाट द्यायला जागा आहे का, तेही पाहा. रस्ता अडवून लाकूड कापणं बहुतेक परमिटांत मना आहे. चांगल्या जागांचे जीपीएस आकडे टिपून ठेवा आणि किमान दोन पर्यायी जागा ठेवा, कारण लाकूड मिळेलच याची हमी परमिट देत नाही.

रस्त्याकडेला व्यवस्थित रचलेली ओंडक्यांची थप्पी दिसली, तर ती "कोणी टाकून दिलेली" समजू नका. ती टिंबर सेल घेणाऱ्याची मालमत्ता असते. तिला हात लावणं म्हणजे चोरी. फांद्या-शेंड्यांचे मोठे ढीग असतात, ते बऱ्याचदा पुढे जाळण्यासाठी रचलेले असतात. ते खुले आहेत का हे कार्यालयात विचारूनच ठरवा.

## ६. झाड मेलेलं आहे आणि ते तुमच्या वाट्याचं आहे, याची खात्री करा

पानं नाहीत म्हणजे झाड मेलं, हा समज महागात पडतो. वेस्टर्न लार्च हे सूचिपर्णी झाड शरद ऋतूत पिवळं पडून सगळ्या सुया गाळतं आणि हिवाळाभर वाळक्यासारखं उभं राहतं. वसंतात पुन्हा हिरवं होतं. लार्चचं जळण उत्तम, त्यामुळे लोक नेमके तेच शोधत असतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जिवंत लार्च पाडतात. ॲस्पेन आणि ओक यांचंही हिवाळ्यात तेच होतं. म्हणून साल पाहा. मेलेल्या झाडाची साल सुटून लोंबते, बारीक डहाळी वाकवली की कडकन मोडते. जिवंत डहाळी लवते आणि नखाने खरवडली की आत हिरवी, ओलसर असते. शंका आली तर ते झाड सोडा.

उलट चूकही होते. वणव्यात होरपळलेलं किंवा भुंगेरा लागलेलं झाड "मरणारच आहे" म्हणून तोडलं जातं. एकही हिरवी सुई शिल्लक असेल, तर बहुतेक परमिटांच्या व्याख्येत ते झाड जिवंत आहे.

मेलेली झाडंही सगळी आपली नसतात. ढोल्या असलेलं, शेंडा मोडलेलं, सुतारपक्ष्याने भोकं पाडलेलं जाड खोड जंगलाला हवं असतं. घुबडं, खारी, वटवाघळं तिथे राहतात आणि असं एक खोड तयार व्हायला कित्येक दशकं जातात. जळण म्हणूनही ते आतून कुजकंच निघतं. त्याच्या शेजारचं सडपातळ, सरळ वाळलेलं झाड घ्या. लाकूडही चांगलं मिळतं. पाटी ठोकलेल्या किंवा रंगाचा पट्टा मारलेल्या झाडाला, रंग कोणताही असो, हात लावू नका. तो रंग वनखात्याच्या लोकांसाठी काहीतरी सांगत असतो.

व्यासाची अट तपासताना टेप छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर लावा. घेर मोजून ३.१४ ने भागला की व्यास मिळतो.

## ७. निघण्याच्या सकाळी पुन्हा चौकशी करा

काल चालत होतं ते आज चालेलच असं नाही. वणव्याच्या मोसमात निर्बंध रोज बदलतात. ओरेगन आणि वॉशिंग्टनमध्ये चार स्तरांची पद्धत आहे: दुसऱ्या स्तरावर दुपारी १ ते रात्री ८ चेनसॉ बंद ठेवावी लागते, आणि त्यापुढच्या स्तरांवर घरगुती सरपणतोड थांबवलेली असते. बाकी राज्यांत नावं वेगळी, तत्त्व तेच. त्या दिवशीची स्थिती फोनवर किंवा वेबसाइटवर त्याच सकाळी पाहा आणि घर सोडताना वेळ लिहून ठेवा.

चेनसॉला मान्यताप्राप्त स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणग्या अडवणारी जाळी, हवा. फावडं, अग्निशामक आणि पाणी सोबत असणं बहुतेक ठिकाणी सक्तीचं आहे, नसलं तरी न्याच. इंधन भरताना करवत थंड होऊ द्या, गवत नसलेल्या उघड्या मातीवर भरा, आणि तिथून दहा फूट दूर जाऊन सुरू करा. तोड संपल्यावर तासभर तिथेच थांबून धूर दिसतो का पाहणं हेही कित्येक परमिटांत लिहिलेलं असतं. लोक हा तास वाया गेला असं समजतात. लाकूड भरायला तेवढा वेळ लागतोच, तेव्हा कापणं आधी संपवा आणि भरणं नंतर करा.

निघण्यापूर्वी तपासा: परमिट, टॅग, पेन, कात्री, परमिटसोबतचा आणि मोटर व्हेइकल यूज असे दोन्ही नकाशे, हेल्मेट, डोळ्यांचं आणि कानांचं संरक्षण, पायांना चेनसॉ चॅप्स (करवतीपासून वाचवणारं जाड आवरण), प्रथमोपचार. कुठे जातो आणि किती वाजता परतणार, हे घरी कोणाला तरी सांगितलं आहे का?

## ८. कापणी

अनुभव नसेल तर पहिला हंगाम फक्त पडलेल्या झाडांवर काढा, हा माझा आग्रह आहे. उभं मेलेलं झाड जिवंत झाडापेक्षा जास्त धोकादायक असतं. आतलं कुजकं लाकूड झाडाला ठरवलेल्या दिशेने पडू देत नाही आणि करवतीच्या कंपनाने वरची सुटी फांदी थेट डोक्यावर येते. एकटे जाऊ नका. वारा असेल तर परत फिरा. दुसऱ्या झाडात अडकलेल्या झाडाखाली जाऊ नका. ते तसंच सोडणं हेच शहाणपण.

पाडायचंच असेल तर आधी वर पाहा, मग पडण्याच्या दिशेच्या मागे तिरकी पळवाट साफ करा आणि सोबत्याला झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर उभं करा. झाड अर्धवट कापून जेवायला बसू नका.

कापल्यावर डहाळ्या छाटून पसरून टाका. रस्त्यावर, बाजूच्या चरात किंवा ओढ्यात त्या पडता कामा नयेत. चर तुंबला की पहिल्या पावसात रस्ता वाहून जातो.

## ९. मोजा, टॅग लावा, वजनाचा अंदाज घ्या

कॉर्ड म्हणजे ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब अशी नीट रचलेली थप्पी, १२८ घनफूट. आठ फुटी हौद्याच्या मोठ्या पिकअपमध्ये कडेपर्यंत नीट रचलं तर साधारण अर्धा कॉर्ड बसतो. कसंही फेकून भरलं तर कमी बसतं, आणि टॅग मात्र पूर्ण खर्च होतो.

टॅगची पद्धत परमिटवर लिहिलेली असते. सहसा तारीख-महिना कापून किंवा भोक पाडून टॅग लाकडावर मागून दिसेल असा लावायचा असतो, आणि गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी. "मुख्य रस्त्याला लागल्यावर लावू" ही नेहमीची चूक आहे. बिनटॅगची भरलेली गाडी म्हणजे तोच टॅग पुन्हा वापरायचा बेत, असा तपासणाऱ्याचा समज होतो आणि तो गैर म्हणता येत नाही.

वजन कोणी पाहत नाही. ओल्या लाकडाचा पूर्ण कॉर्ड दीड ते अडीच टनांपर्यंत भरू शकतो. त्यामुळे अर्ध्या कॉर्डनेही साध्या पिकअपची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर गाडीची भारक्षमता लिहिलेली असते. घाटरस्त्याने उतरायचं आहे हे ध्यानात ठेवून त्याच्या आतच राहा.

## १०. घरी आणताना आणि आणल्यावर

लाकडासोबत कीड प्रवास करते. ॲश वृक्षांचा फडशा पाडणारा एमराल्ड ॲश बोरर २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि पुढे त्याचा जो प्रसार झाला, त्यात माणसांनी इकडून तिकडे नेलेल्या सरपणाचा मोठा हात होता. जळण तोडलेल्या जागेपासून शक्य तितक्या जवळ, ५० मैलांच्या आतच वापरावं, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. राज्याची सीमा ओलांडणार असाल तर दोन्ही राज्यांचे नियम पाहा. थोडं उरलं म्हणून कॅम्पिंगला दूरच्या पार्कमध्ये घेऊन जाणं टाळा.

घरी आल्यावर लगेच फोडा. न फोडलेला ओंडका सालीच्या आत महिनोन्‌महिने ओला राहतो. जमिनीपासून उचलून, वरून झाकून पण बाजू मोकळ्या ठेवून रचा. ओलावा मोजताना मीटरच्या सुया बाहेरच्या पृष्ठभागात खुपसू नका. तुकडा नव्याने फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर मोजा. आकडा २० टक्क्यांच्या खाली आल्यावरच ते लाकूड स्टोव्हमध्ये घाला.